प्रपंचातील शास्त्र : दोन रुपयांचा वारा

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या एक मावशी राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे, तरी सकाळची पूजा, दुपारची पोथी आणि संध्याकाळची तुळशीपाशी सांजवात यांत खंड नाही. गेल्या मे महिन्यात एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या पलंगावर बसून वाळ्याच्या विंझण्याने वारा घेत होत्या आणि डोक्यावरचा विजेचा पंखा निश्चल होता. बाहेर ऊन रणरणत होते. वीज गेली असावी असे आम्हांला वाटले. मावशी जराशा ओशाळून म्हणाल्या, "वीज आहे रे. मीच बंद ठेवते दुपारचा. या खेपेला बिल फार आलंय."

मग सारी हकीकत कळली. आमच्या मावसभावाने जेवताना विजेचे बिल सहज वाचून दाखविले होते. आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा या एप्रिलमध्ये पंचावन्न युनिटे अधिक पडली होती. घरात नवे यंत्र आले नव्हते, माणसेही तेवढीच होती. मावसभावाने कोणाला बोल लावला नाही. परंतु दिवसभर घरात असणारी मी एकटीच, तेव्हा ही वीज माझ्याच पायी गेली असणार, असा निवाडा मावशींनी मनाशी करून टाकला आणि शिक्षाही स्वतःच भोगावयास घेतली.

वाचकहो, असे दृश्य आम्ही पुष्कळ घरांतून पाहिले आहे. बिल वाढले की पहिला पंखा थांबतो तो घरातील ज्या माणसाच्या हाती पैसा नाही त्याचा. शाळकरी मुलाला दिवा लवकर मालविण्याची ताकीद मिळते, म्हातारी माणसे उकाडा सोसतात, आणि खरी खादाड वस्तू कोपऱ्यात उभी राहून निर्धास्तपणे खात असते. काटकसर करू नये असे आम्ही म्हणत नाही; आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी परमुलखात संसार उभे केले ते काटकसरीवरच. पण काटकसर कोठे करावयाची हे हिशेबाने ठरवावे, संकोचाने नव्हे. म्हणून या महिन्यात हा विजेचा हिशेबच मांडावयाचे योजिले आहे.

प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा बुडाशी एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर वॅटांचा आकडा छापलेला असतो. हा आकडा वाचून पुष्कळ जण घाबरतात, किंवा उगाच निश्चिंत होतात. वॅट म्हणजे खर्च नव्हे, खर्चाचा वेग. नळाची धार मोठी की बारीक हे वॅट सांगतो. हंडा किती भरला हे युनिट सांगते. मोठ्या धारेचा नळ क्षणभर सोडला तर तांब्यादेखील भरत नाही, आणि ठिबकणारा नळ रात्रभर तसाच राहिला तर सकाळी बादली भरलेली असते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. वॅटांना तासांनी गुणावे आणि हजाराने भागावे, एवढेच काय ते गणित. यात चौथीच्या पुढचे काही नाही, तरी सुशिक्षित माणसेही ते करीत नाहीत याचे आम्हांला नवल वाटते.

आम्ही मावशींच्या पोथीशेजारची पाटी-पेन्सिल घेतली. (नातवाला शिकविण्यासाठी म्हणून ती अजून त्यांच्या उशाशी असते.) त्यांचा पंखा जुन्या पद्धतीचा, पंचाहत्तर वॅटचा. दुपारचे चार तास म्हणजे तीनशे. हजाराने भागता युनिटाचे तीन दशांश. युनिटाला सात रुपये दर धरला तर दोन रुपये दहा पैसे. महिनाभर दुपारी वारा घेतला तर नऊ युनिटे, म्हणजे त्रेसष्ट रुपये. उन्हाची झळ लागून डॉक्टरांकडे एक खेप झाली तर असे कित्येक महिने एका दिवसात उडून जातील. शिवाय पंखा तर आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्येही फिरतच होता. मग वाढलेली पंचावन्न युनिटे त्याच्या माथी कशी मारावयाची?

चोर शोधण्यासाठी आम्ही मीटरकडे गेलो. पूर्वीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे, चकती वेगाने फिरू लागली की घरातले वडीलधारे "कोणी इस्त्री लावली रे?" म्हणून हाक देत. सांप्रतच्या मीटरमध्ये चकतीऐवजी एक तांबडा ठिपका लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या तोंडावरच छापलेले असते. मावशींच्या मीटरवर ३२०० हा आकडा होता. आपल्या घरी दुसरा असू शकेल, तो वाचून घ्यावा. म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण चालू असेल तर ठिपका तासाला ३२०० वेळा, मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुकेल. या ठिपक्याइतका निःपक्षपाती साक्षीदार घरात दुसरा नाही, आणि तो फुकट उपलब्ध आहे.

सूनबाईंनी खोल्या-खोल्यांतून फिरून सगळी बटणे बंद केली, फ्रिजचा प्लगही काढला. नातवाला घड्याळ देऊन मीटरपुढे उभे केले. आता ठिपका निश्चल राहावयास हवा होता. परंतु थोड्या वेळाने नातू ओरडला, "लागला!" पुन्हा सव्वा मिनिटाने लागला, आणि पुन्हा सव्वा मिनिटाने. सव्वा मिनिटाला एक, म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसला ३२०० ने भागले की युनिटाचे पंधरा हजारांश येतात. कोठेतरी पंधरा वॅटचे काहीतरी चालू होते.

ते देवघरात सापडले. तेथे अहोरात्र एक तांबडा झिरोचा दिवा जळत असतो. घर बांधल्यापासून तो कधी मालविलेलाच नाही, त्यामुळे बटणे बंद करताना तो कोणाच्या ध्यानातही आला नाही. या दिव्याला शून्याचा दिवा म्हणतात खरे, पण त्याची भूक सुमारे पंधरा वॅटची असते. जुनी मीटरे इतक्या अल्प भाराला नीटशी दाद देत नसत, म्हणून हे नाव पडले असे जाणकार सांगतात. पंधरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस हे गुणून पाहा. पावणेअकरा युनिटांच्या वर जाते. मावशी ज्या दुपारच्या पंख्यापायी घामाने निथळत होत्या त्याच्यापेक्षा त्यांच्या देवघरातले शून्य अधिक वीज घेत होते! हे सांगताच मावशी क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "देवाला कशाला मध्ये आणता?" देवाला मध्ये आणावयाचे नव्हतेच. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा बसतो, उजेड तेवढाच पडतो, आणि महिन्याला अर्धे युनिटही होत नाही. दुसऱ्या दिवशी तो बसला.

तथापि हा दिवा वर्षानुवर्षांचा. नव्या वाढीचा दोष त्यालाही देता येत नव्हता. मग आम्ही दिवा काढून एकटा फ्रिज लावला. पाच मिनिटांत ठिपका चाळीस वेळा लुकलुकला, म्हणजे दीडशे वॅट. पाठीवरच्या पट्टीवरही तोच आकडा होता, तेव्हा त्यात वावगे काही नव्हते. वावगे निघाले ते पुढे. फ्रिजचा कॉम्प्रेसर काही वेळ चालतो, आतला गारवा पुरेसा झाला की थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. हा थांबत नव्हता. अर्ध्या तासाने पाहिले, चाळीस. तासाने पाहिले, चाळीस. संध्याकाळचा चहा झाला तरी चाळीसच. मालवणी मसाल्याची बरणी आणि दोन पातेली ताक गार ठेवण्यासाठी हे यंत्र अहोरात्र धापा टाकीत होते. दीडशे वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटांहून अधिक, महिन्याला एकशे आठ.

कारण शोधावयास वेळ लागला नाही. गुढीपाडव्याला घराला रंग दिला, तेव्हा फ्रिज हलविला होता आणि नंतर जागा वाचावी म्हणून भिंतीला अगदी चिकटवून ठेवला होता. फ्रिज आतली उष्णता ओढून पाठीमागून बाहेर टाकतो. पाठीला वारा मिळाला नाही तर ती उष्णता जाणार कोठे? त्यातच दाराचे रबर एका कोपऱ्यात तडकले होते. नातवाकडून दहाची नोट घेऊन आम्ही ती दारात धरली व दार लावले. नोट घट्ट बसावयास हवी होती, ती अलगद निसटून हातात आली. जेथून नोट निसटते तेथून उकाडा आत शिरतो. भिंतीपासून वीतभर अंतर आणि दाराचे नवे रबर एवढ्या उपचारावर कॉम्प्रेसर विसावा घेऊ लागला. जूनच्या उकाड्यातही तो निम्मा वेळ बंद असतो, म्हणजे महिन्याला चोपन्न युनिटे वाचली. पंचावन्नाचा हिशेब जवळजवळ तंतोतंत लागला. इतका जुळेल असे आम्हांलाही वाटले नव्हते.

या निमित्ताने सूनबाईंनीही आपली एक जुनी तक्रार पुढे केली. त्यांना तीन हजार वॅटचा गीझर हवा होता. नवऱ्याने काटकसर म्हणून दोन हजारांचा आणला. यात काटकसर काही झाली नाही. थंडीत पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांपर्यंत तापवावयाचे तर अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागते, आणि ती पाणी ठरविते, गीझर नव्हे. दोन हजारांचा गीझर ते काम सुमारे सोळा मिनिटांत करील, तीन हजारांचा दहा-अकरा मिनिटांत. बिल दोन्हीकडे सारखे. वीज वाचवावयाची तर एक बादली पाणी कमी तापवावे, किंवा तापवून झाल्यावर बटण बंद करावे. सकाळी सहाला लावलेला गीझर नऊपर्यंत तसाच ठेवण्याची पद्धत आमच्याही घरी होती, ती मोडावयास दोन हिवाळे लागले.

मात्र वॅटांच्या आकड्याला एका ठिकाणी फार मान द्यावा लागतो, आणि ते ठिकाण म्हणजे भिंतीतली तार. तीन हजार वॅटांना आपल्याकडील २३० व्होल्टच्या दाबाखाली तेरा अँपिअर प्रवाह लागतो. दिव्या-पंख्याच्या बटणाशेजारचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. त्याची मजल चौदाशे वॅटांच्याही अलीकडे संपते. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तारा अजून तशाच आहेत. तेथे एकाच सॉकेटला त्रिशूळ लावून इस्त्री आणि पाणी तापविण्याची कांडी एकदम चालविणे म्हणजे घराला काडी लावण्याचीच तयारी. प्लग हाताला गरम लागला तर तो ताबडतोब काढावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे. येथे दोन रुपयांचा विचार करू नये.

मिक्सरचेही असेच आहे. त्याचा आवाज ऐकून मावशींना वाटते की सारी वीज हाच ओढतो. पाचशे वॅटचा मिक्सर दहा मिनिटे चालला तर युनिटाचा बारावा हिस्सा होतो, साठ पैसेही नाहीत. आवाज करणारी वस्तू खाते थोडे. मुकाट उभी असलेली खाते फार. टेलिव्हिजनखालचा सेट-टॉप बॉक्स हा असाच एक मुका. टेलिव्हिजन बंद केला तरी तो जागाच असतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटे होतात. भिंतीवरचे बटण बंद केले की काम झाले.

आता ताऱ्यांविषयी. भारत सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा केला, त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला, आणि २००६ पासून उपकरणांवर एकापासून पाचपर्यंत ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली. दुकानदार तारे दाखवितो आणि आपण तारे मोजतो. पण त्याच चिठ्ठीवर त्याहून उपयोगी असा एक आकडा असतो, तो म्हणजे वर्षाला किती युनिटे. तारे आपापल्या जातीत आणि आकारात दिलेले असतात. पहिल्या वर्गातला पाचवा मुलगा आणि दहावीतला पाचवा मुलगा यांची तुलना होत नाही, तसेच हे. पाच ताऱ्यांचा अवाढव्य फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजहून अधिक वीज खाऊ शकतो. दोघांच्या संसाराला चारशे लिटरचा फ्रिज घेऊन ताऱ्यांचे समाधान मानण्यात अर्थ नाही. चिठ्ठीवरचे सालही पाहावे, कारण ही परीक्षा वेळोवेळी कठीण केली जाते. वातानुकूलन यंत्रांची परीक्षा जुलै २०२२ मध्ये कडक झाली, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच तारे दुसऱ्या दिवशी चार झाले. यंत्र तेच, गुण देणारा कडक. दुकानात जुना माल स्वस्तात मिळतो तो पुष्कळदा यामुळे.

वातानुकूलनाचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्या टनाविषयी दोन शब्द. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे आणि विजेचा खर्चही नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ती शक्ती, म्हणजे साडेतीन हजार वॅट. दीड टनी यंत्र सुमारे सव्वापाच हजार वॅट उष्णता बाहेर काढते आणि त्यासाठी वीज घेते दीड हजार वॅटच्या आसपास. यात जादू नाही. यंत्र थंडी निर्माण करीत नाही, उष्णता उपसून खिडकीबाहेर टाकते. किती विजेत किती उष्णता उपसली याचेच तारे. मालव्याची रात्र तिच्या गारव्यासाठी सर्वत्र वाखाणली जाई, शब-ए-मालवा म्हणून. गच्चीवर अंथरुणे टाकली की पहाटे गोधडी लागे. आता त्याच गच्च्यांवर शेजाऱ्यांची यंत्रे गरम फुंकर सोडतात आणि वर निजणाऱ्याला ती सोसावी लागते. लावणाऱ्याने लावावे, आमचे काही म्हणणे नाही. पण अठरा अंशांवर लावून रात्री रजई घेण्याचा जो प्रकार आहे तो आम्हांला समजत नाही. जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होतानाच चोवीस अंशांवर असावीत असा नियम आहे. तेथेच राहू द्यावीत.

पंख्याकडे पुन्हा वळू. छतावरच्या पंख्यांना ताऱ्यांची चिठ्ठी जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. बाजारात बीएलडीसी या नावाने जे नवे पंखे येतात त्यांना तेवढ्याच वाऱ्याला तीस वॅटच्या आसपास पुरतात. किंमत हजार-पंधराशेने अधिक. पंखा दिवसाला पंधरा तास आणि वर्षाचे आठ महिने फिरत असेल, तर पंचेचाळीस वॅटांची बचत वर्षाला एकशे साठ युनिटांवर जाते आणि वरचे पैसे वर्ष-दीड वर्षात फिटतात. मावशींच्या खोलीला तो योग्य. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र दिवाळीला आणि लग्नाला फिरतो; तेथे नवा पंखा बसवून पैसे या जन्मी फिटणार नाहीत. मावसभाऊ उत्साहाच्या भरात सगळे पंखे बदलावयास निघाले होते, त्यांना आम्हीच थांबविले.

इंदूरकरांच्या बिलाची एक बाजू मीटरवर दिसतच नाही. येथले पाणी नर्मदेचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर नळातून येते, आणि नदीचे पात्र शहराहून जवळजवळ चारशे मीटर खाली आहे. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर वर चढवावयास, पंपात आणि नळात काही वाया गेले नाही असे मानले तरी, एक युनिटाहून अधिक वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. मग ते पाणी आपण घरच्या एक अश्वशक्तीच्या पंपाने पुन्हा गच्चीवर चढवितो. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ती पंपाने दिलेली शक्ती. घेतो तो हजाराच्या वर. टाकी भरून पाणी पन्हळीतून वाहू लागले तरी गप्पांच्या नादात पंप बंद करावयाचे राहून जाते, हे दृश्य कोणत्या गल्लीत दिसत नाही? ते वाहणारे पाणी म्हणजे सातपुडा आणि विंध्य यांच्यामधून उचलून आणलेली वीजच आहे.

जूनचे बिल आल्यावर मावशींनी स्वतः फोन केला. चोपन्न युनिटे फ्रिजची आणि दहा देवघराची कमी झाली होती, आणि दुपारचा पंखा सुरू होता. त्या आता जेवणानंतर ओसरीवर मीटरपुढे खुर्ची टाकून बसतात आणि मिनिटाला ठिपका किती वेळा लागतो ते मोजतात. "आज आठच होतायत रे, सगळं ठीक आहे," म्हणाल्या. तक्रार एकच होती. फ्रिजच्या दाराची परीक्षा घेण्यासाठी नातू दर रविवारी त्यांच्याकडून दहाची नोट मागून नेतो आणि ती परत देत नाही.